स्नोशू ससा आणि ऋतूंप्रमाणे बदलणारा त्याचा रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता ससा? आपल्याकडे पिंजऱ्यात असतो तो पांढरा ससा हाच का?

नाही. स्नोशू ससा (शास्त्रीय नाव लेपस अमेरिकॅनस) हा उत्तर अमेरिकेतला रानससा. अलास्का, जवळजवळ सगळा कॅनडा आणि अमेरिकेत रॉकी, कॅस्केड, अ‍ॅपलेशियन या डोंगररांगांतली सूचिपर्णी जंगलं हे त्याचं घर. वजन साधारण सव्वा ते दीड किलो. उन्हाळ्यात तांबूस तपकिरी, हिवाळ्यात पांढरा.

पिंजऱ्यातला ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, पण त्यातला ‘हेअर’ देवनागरीत लिहिला की ससा की केस, हा नवाच घोळ! फरक लक्षात ठेवायचा तर पिल्लं पाहावीत. बिळातल्या सशाची पिल्लं उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. रानसशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात, आणि तीही बिळात नव्हे, उघड्यावर. या अर्थाने महाराष्ट्रात माळावर, शेताच्या बांधावर दिसणारा काळ्या मानेचा ससा स्नोशूचा जवळचा नातेवाईक ठरतो. पिंजऱ्यातला पांढरा दूरचा.

तपकिरी केसच हळूहळू पांढरा होतो का?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्याचा रंग नंतर बदलत नाही. होते ती केसपालट: जुना केस गळतो आणि त्याच्या जागी नव्या रंगाचा केस उगवतो. शरद ऋतूत उगवणाऱ्या केसाच्या टोकाला रंगद्रव्य (मेलॅनिन) मिळत नाही, म्हणून तो पांढरा दिसतो.

हिवाळी सशाच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला केले तर तीन थर दिसतात. तळाशी पाटीसारखा करडा, मध्ये बदामी-तांबूस पट्टा आणि वर पांढरं टोक. म्हणजे ससा पांढरा असतो तो वरवरच. वारा उलटा लागून केस फिस्कटले की आतला करडेपणा डोकावतो. डोळे वर्षभर गडद तपकिरी राहतात आणि कानांची टोकं काळीच राहतात. तेव्हा हा अल्बिनोपणाही (जन्मजात रंगद्रव्य नसणं) नव्हे.

याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत. नोव्हेंबरअखेर ससा कोणत्या रंगाचा असेल, हे ऑक्टोबरात केस उगवायला लागतात तेव्हाच ठरून जातं. नंतर बर्फ पडो न पडो, अंगावरचे केस बदलता येत नाहीत.

पालट कधी सुरू होते, किती दिवस चालते आणि कुठून?

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात गळ्यात रेडिओपट्टा घातलेल्या सशांची दर आठवड्याला पाहणी झाली. तिथे शरदातली पालट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास आणि वसंतातली एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास सुरू होते. प्रत्येक पालटीला अंदाजे ४० दिवस लागतात. अक्षांश आणि उंचीप्रमाणे तारखा पुढेमागे होतात.

शरदात पांढरा रंग आधी पायांवर आणि कानांवर येतो, मग कुशीवरून वर चढत पाठीवर सर्वांत शेवटी पोचतो. वसंतात क्रम उलटा. तोंड-डोकं आणि पाठ आधी तपकिरी होतात, पाय आणि कान शेवटपर्यंत पांढरे राहतात. मे महिन्यात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा तपकिरी ससा आजारी नसतो. त्याची पालट संपत आलेली असते, इतकंच.

थंडी वाढली की रंग बदलतो ना?

थंडी नव्हे, दिवसाची लांबी. हार्वर्डमधल्या चार्ल्स लायमन यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कृत्रिम प्रकाशाचे तास कमीजास्त करून पालट घडवता येते, हे दाखवलं. रस्ता असा: डोळ्यांतून प्रकाशाची माहिती मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीकडे जाते, रात्र लांबली की तिथून मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त काळ स्रवतं, त्याने पियूषिका ग्रंथीतून येणारं प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक घटतं आणि केसांच्या मुळांना हिवाळी केस उगवण्याचा इशारा मिळतो.

मुंबईत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. माँटानात, ४७ अंश उत्तरेला, तोच फरक सव्वासात तासांच्या आसपास जातो. एवढं ठळक आणि दरवर्षी न चुकणारं घड्याळ हाताशी असताना, एका आठवड्यात वीस अंश वरखाली होणाऱ्या तापमानावर कोण विसंबेल? हजारो वर्षं हा हिशोब बरोबर आला. बर्फही साधारण ठरल्या वेळी येई.

आणि बर्फ उशिरा आला तर?

तर तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा. लांबून दिव्यासारखा दिसतो. ही आता कल्पना राहिलेली नाही. एल. स्कॉट मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये माँटानातल्या तीन वर्षांच्या नोंदी मांडल्या. त्या तीन वर्षांत बर्फाचं मान खूप वेगळं होतं, पण पालट सुरू होण्याची वेळ हलली नाही. शरदातला वेगही तोच राहिला. फक्त वसंतात थोडी लवचीकता दिसली: बर्फ जास्त टिकला त्या वर्षी तपकिरी होण्याचा वेग मंदावला.

२०१६ मध्ये मार्केता झिमोव्हा आणि सहकाऱ्यांनी याची किंमत मोजली. भोवतालाशी रंग न जुळणाऱ्या सशांची आठवड्याभरात जगण्याची शक्यता जुळणाऱ्यांपेक्षा ७ टक्क्यांपर्यंत कमी निघाली. ७ हा आकडा लहान वाटतो, पण तो दर आठवड्याचा आहे. विसंगती सहा आठवडे टिकली तर चक्रवाढीने किती ससे कमी होतील, ते कागदावर करून पाहा.

ससा आपला रंग पाहून जागा बदलत नाही का?

तसं केलं तर बरं झालं असतं. पण माँटानातल्या पाहणीत रंग न जुळणारे ससे जास्त आडोशाला बसतात, लवकर पळतात किंवा शिल्लक बर्फाचा तुकडा शोधतात, असं दिसलं नाही. स्नोशूचा पहिला बचाव म्हणजे निश्चल बसणं. पाचोळ्यावरचा पांढरा ससाही तसाच, आपण दिसतच नाही अशा थाटात, बसून राहतो. पळायची वेळ आली तर ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग आणि तीन मीटरची उडी आहे, पण तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

मग पांढरा रंग उशिराच्या बर्फात निव्वळ तोट्याचा?

इतकं सरळ नाही. हिवाळी केस नुसते पांढरे नसतात, दाट आणि लांबही असतात. थंडी रोखण्यात ते उन्हाळी केसांपेक्षा चांगलेच सरस. कॅनडातल्या युकॉनमध्ये झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं. शरदात बर्फ पडण्याआधीच पांढरे झालेले ससे तपकिरी सशांपेक्षा कमी वेळ चरत होते आणि जास्त जगत होते. अंग उबदार म्हणजे भूक कमी, भूक कमी म्हणजे उघड्यावर हिंडणं कमी. लपण्यातला तोटा उबेने भरून निघाला.

माँटाना आणि युकॉन यांची उत्तरं वेगळी आली म्हणून एक चूक, असं मानायचं कारण नाही. थंडीची तीव्रता, शिकारी आणि त्या वर्षी त्यांची संख्या, सगळंच वेगळं. ‘बर्फ वितळतोय, ससे संपणार’ असा एका ओळीचा मथळा वाचला, तर तो कोणत्या जागेबद्दल आहे ते आधी पाहावं.

सगळेच स्नोशू पांढरे होतात का? सिएटलजवळ हिवाळ्यात तपकिरी ससा दिसला.

तो स्नोशू असू शकतो. वॉशिंग्टन, ओरेगन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनारी, सखल भागात हिवाळी बर्फ फार टिकत नाही. तिथले स्नोशू बारा महिने तपकिरीच राहतात. केस तेही पालटतात, फक्त नवा केस पुन्हा तपकिरी येतो. कॅस्केड डोंगर चढत गेलं की मधल्या पट्ट्यात दोन्ही प्रकारचे ससे एकाच जंगलात सापडतात.

कारण अगुटी नावाच्या जनुकात आहे. पांढरे होणाऱ्या सशांत शरदातल्या पालटीच्या वेळी हे जनुक जोरात काम करतं आणि केसात गडद रंगद्रव्य येऊ देत नाही. तपकिरी राहणाऱ्यांत त्याचं रूप वेगळं असतं. २०१८ मध्ये उघड झालेली गंमत अशी, की हे रूप स्नोशूचं मूळचं नव्हेच. ते काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून (नावात रॅबिट असला तरी हाही रानससाच), जुन्या काळात झालेल्या संकरातून आलं. उसनं आणलेलं जनुक किनाऱ्यावर उपयोगी पडलं आणि टिकलं.

उत्तर युरोपातल्या डोंगरी सशाचीही अशीच कथा. १८५५ मध्ये नॉर्वेतून काही ससे फेरो बेटांवर नेऊन सोडले. सुरुवातीला ते हिवाळ्यात पांढरे होत. बेटांवर बर्फ टिकत नाही, आणि काही दशकांतच सगळे हिवाळ्यातही करडे-तपकिरी राहू लागले. आयर्लंडमधले डोंगरी ससेही सहसा पांढरे होत नाहीत.

म्हणून मिल्स यांच्या गटाने अशा मिश्र पट्ट्यांकडे खास लक्ष वेधलं आहे. एका सशाला रंग बदलण्याचं वेळापत्रक हलवता येत नाही, पण जिथे दोन्ही रूपं आधीच आहेत, तिथे नैसर्गिक निवडीला काम करायला कच्चा माल मिळतो. उलट स्कॉटलंडच्या डोंगरी सशांचं पाहा. तिथे १९५० ते २०१६ या काळात बर्फाचे दिवस घटले, पालटीच्या तारखा मात्र पुरेशा सरकल्या नाहीत, आणि रंग न जुळण्याचे दिवस वर्षाला ३५ ने वाढले.

हिमालयात असा ससा आहे का?

लडाख आणि सिक्कीममध्ये लोकरी ससा आहे, पण तो पांढरा होत नाही. तिबेटी पठारावर थंडी कडाक्याची, बर्फ मात्र पातळ आणि वाऱ्याने उडणारा. तिथे करडा-मातकट रंगच कामाचा. रंग बदलणारे इतर ससे म्हणजे आर्क्टिक ससा, डोंगरी ससा, उत्तरेकडचे पांढऱ्या शेपटीचे जॅकरॅबिट आणि जपानच्या बर्फाळ भागातला जपानी ससा.

नावातला ‘स्नोशू’ कशामुळे?

मागच्या पावलांमुळे. १० ते १५ सेंटिमीटर लांब, बोटं फाकवता येणारी, हिवाळ्यात तळव्यालाही दाट केस. भुसभुशीत बर्फावर चालायला माणसं जाळीचे रुंद जोडे बांधतात, त्यांना स्नोशू म्हणतात. तत्त्व तेच: वजन पसरलं की पाय रुतत नाही.

बर्फात खातो काय?

उन्हाळ्यात गवत, क्लोव्हर, कोवळी पानं. हिवाळ्यात विलो आणि बर्च यांच्या पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या, कळ्या आणि साल. फांदी तिरकी आणि सुरीने कापल्यासारखी स्वच्छ तुटलेली दिसली तर काम सशाचं. टोक फाटलेलं, चिंध्यांसारखं असेल तर हरणाचं, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात. बर्फाचा थर जसा चढतो तसा सशाचा हातही उंच पोचतो, म्हणून उन्हाळ्यात माणसाच्या छातीच्या उंचीवर कुरतडलेली साल दिसते आणि लोक भलत्याच प्राण्यावर संशय घेतात.

एवढ्या निकस चाऱ्यातून सत्त्व काढायला ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशीच खाऊन पुन्हा पचवतो. आणि हो, मांसही खातो. युकॉनमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत स्नोशू मेलेले ससे, पक्षी, इतकंच काय मेलेला लिंक्सही (सशांची शिकार करणारं रानमांजर) खाताना टिपले गेले. कडक हिवाळ्यात प्रथिनं मिळतील तिथून घ्यायची.

दर दहा वर्षांनी ससे भरमसाट वाढतात आणि नाहीसे होतात, हे खरं?

उत्तरेच्या जंगलांत खरं. आवर्तन ८ ते ११ वर्षांचं. शिखर आणि तळ यांत संख्येचा फरक पाच ते पंचवीस पट. मागोमाग वर्षा-दोन वर्षांनी लिंक्स या रानमांजराची संख्याही तशीच चढते-उतरते. हडसन्स बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या वह्यांवरून हे प्रथम ध्यानात आलं. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला ससा-लिंक्स आलेख तो हाच.

आलेख पाहून ‘लिंक्स वाढले, ससे संपले’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे. युकॉनमधल्या क्लुएनी सरोवराजवळ चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ ते १९९४ या काळात प्रत्येकी एक चौरस किलोमीटरच्या जंगलपट्ट्यांवर प्रयोग केला. काही पट्ट्यांत जादा खाद्य टाकलं, एकाला विजेचं कुंपण घातलं, ज्यातून ससे जा-ये करत पण लिंक्स आणि कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) येत नसत, आणि एका पट्ट्यात दोन्ही केलं. नुसत्या कुंपणाने सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, नुसत्या खाद्याने सुमारे तिप्पट, दोन्ही मिळून मात्र ११ पट. दोन अधिक तीन पाच होतात, अकरा नाही. भूक आणि शिकारी एकमेकांना गुणतात: खाद्य कमी असेल तर ससा जास्त हिंडतो आणि जास्त मारला जातो.

यात तिसरा धागा भीतीचा. शिकारी फार झाले की माद्यांच्या शरीरात ताणाचं संप्रेरक वाढतं, पिल्लं कमी आणि लहान होतात, आणि तो ताण पुढच्या पिढीतही उतरतो. ससेहोलपट हा शब्द आपल्याकडे उगाच रुजलेला नाही. शिकारी कमी झाल्यावरही ससे लगेच वाढत नाहीत, काही वर्षं तळालाच रेंगाळतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

झुडपाखाली एकटं पिल्लू दिसलं. घरी आणावं का?

आणू नका. आई त्याला टाकून गेलेली नाही. मादीचा गर्भकाळ सुमारे ३६ दिवस, वेतात साधारण तीन ते पाच पिल्लं, वर्षाला दोन ते चार वेतं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत पिल्लं पांगून वेगवेगळी लपतात. सूर्यास्तानंतर एका ठरलेल्या जागी जमतात, आई येते, पाच-दहा मिनिटं पाजते आणि जाते. दिवसातून एकदाच. दिवसभर आई दिसत नाही ती यासाठीच, तिच्या येण्याजाण्याने शिकाऱ्याला माग लागू नये म्हणून. धोका लहान वाटणाऱ्यांकडूनही असतो: क्लुएनीत बरीच पिल्लं तांबड्या खारींनी मारली.

कुत्र्याला पट्टा लावा आणि तिथून निघा. रक्त दिसत असेल किंवा मांजराने धरलं असेल तरच परवानाधारक वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा. गाईचं दूध पाजू नका, हगवण लागून पिल्लू मरतं.

पाळता येईल का?

नको. रानससा पिंजऱ्यात घाबरून स्वतःलाच इजा करून घेतो, आणि बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय ठेवणं बेकायदाही असतं. भारतात रानसशाची शिकार करणं किंवा त्याला पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मेलेला ससा सापडला तर?

उघड्या हाताने उचलू नका. सशांमधून टुलारेमिया हा जिवाणूजन्य आजार माणसाला होतो, गोचिडीमार्फतही आणि कातडं सोलतानाही. ताप, हातावर न भरणारी जखम, काखेत गाठ अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना ‘सशाला हात लावला होता’ हे आवर्जून सांगा. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बरा होतो.

लेंड्या मोजून सशांची संख्या कशी काढतात?

क्लुएनीची पद्धत सोपी आहे. ५.०८ सेंटिमीटर रुंद आणि ३०५ सेंटिमीटर लांब, असे बारीक पट्टे जंगलात कायमचे आखायचे. दरवर्षी एकाच महिन्यात प्रत्येक पट्ट्यातल्या लेंड्या मोजायच्या आणि मोजून झाल्या की सगळ्या उचलून टाकायच्या. आकडा चुकतो तो बहुतेक तीन ठिकाणी. पहिल्या वर्षी पट्टा साफ न करता मोजलं तर अनेक वर्षांच्या लेंड्या एकत्र येतात, म्हणून पहिलं वर्ष केवळ सफाईचं. पट्टा इतका अरुंद, की कडेवरच्या लेंड्या धरायच्या की नाही यावर आकडा फिरतो. नियम आधी ठरवून तोच पाळा. आणि ओलसर जागी लेंड्या लवकर कुजतात, कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात.

रंगाची नोंद कॅमेऱ्याने ठेवायची आहे. कशी?

कॅमेरा सशाच्या रुळलेल्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर लावा. बर्फ साचला की तो गाडला जातो, म्हणून खांबावर वर सरकवता येईल असा बांधा. उणे वीस अंशात साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, लिथियमच्या घाला. तारीख-वेळ सुरू आहे ना, हे दोनदा तपासा. तारीख चुकली तर पालटीची नोंद निरुपयोगी.

रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोवर रंग ठरवू नका. त्यात रंग नसतो आणि तपकिरी केसही फिकट दिसतात. पहाटे किंवा संध्याकाळी उजेडात आलेलेच फोटो घ्या. सशाचं अंग किती टक्के पांढरं ते वीस-वीस टक्क्यांच्या पायऱ्यांत लिहा आणि सशाभोवती दहा मीटरच्या वर्तुळात जमीन किती टक्के बर्फाने झाकली आहे, तेही. दोहोंतला फरक ६० किंवा जास्त असेल तर रंग जुळत नाही असं धरतात. ससा ८० टक्के पांढरा आणि बर्फ २० टक्के, तर फरक ६०, म्हणजे विसंगत. एकाच माणसाने सगळे फोटो वाचावेत. दोघांनी वाचले तर निदान पन्नासेक फोटो दोघांनी वेगवेगळे वाचून आकडे जुळवून पाहावेत.

फोटोतला पांढरा ससा स्नोशूच आहे, हे कशावरून?

आधी डोळे. लाल किंवा निळे असतील तर तो कुणाचातरी पळालेला पाळीव. मग कान. स्नोशूचे कान रानसशांच्या मानाने आखूड, टोकं काळी. लांबलचक कान आणि मागे उघडं गवताळ मैदान असेल तर पांढऱ्या शेपटीचा जॅकरॅबिट. झाड नसलेला टुंड्रा आणि तीन-चार किलोचा थोराड ससा असेल तर आर्क्टिक. नुसता केसांचा पुंजका हाती लागला असेल तर बुडाकडे पाहा. स्नोशूचा केस बुडाशी करडा असतो, आर्क्टिक सशाचा मुळापर्यंत पांढरा.